चाल नवी, प्रश्न जुना

एपिसोड ऐकला असेल तर उत्तमच. ज्यांच्या गावात रेंज येते-जाते, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं वाटतं, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. मधले खोकले आणि मागून आलेला ट्रॅक्टरचा हॉर्न तेवढा गाळलाय. बाकी बोललो तसंच आहे.

गेल्या नाताळात आमच्या मंडळीत मी पहिल्यांदा रॅप केला. हिंगोली जिल्ह्यातली आमची मंडळी म्हणजे किती? सगळे आले तरी पत्र्याच्या एका शेडमध्ये मावतात, आणि मागच्या दोन सतरंज्या रिकाम्याच राहतात. तेव्हा मी एका आडतीवर काट्याशेजारी बसून पावत्या लिहायचो आणि रात्री मोबाईलवर बीट लावून शब्द जुळवायचो. नाताळच्या उपासनेनंतर ब्लूटूथ स्पीकर पुढ्यात ठेवला आणि गोठ्यात जन्मलेल्या येशूवर तीन मिनिटं म्हटलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारी माणसं एकमेकांकडं बघत राहिली.

जेवणाच्या पंगतीत एक काका शेजारी येऊन बसले. रागावले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "लेकरा, आवाज चांगला हाय तुझा. पर हे आपलं नाही रे. हे अमेरिकेचं. देवाच्या घरात देवाचं गाणं म्हणावं."

त्याच रात्री मी तो व्हिडिओ मित्रांच्या ग्रुपवर टाकला. एकाचा लगेच व्हॉइस मेसेज आला: "भावा, फ्लो कडक! फक्त ते येशूचं काढ. मंग बघ कसा चालतो."

म्हणजे बघा, एकानं सांगितलं येशू ठेव, रॅप सोड. दुसऱ्यानं सांगितलं रॅप ठेव, येशू सोड. दोघांनीही प्रेमानंच सांगितलं होतं, आणि दोघांनाही माझ्यापाशी उत्तर नव्हतं. ह्या पॉडकास्टवर आपण दर वेळी इतिहासातला एक धागा धरतो. ह्या वेळी तो धागा माझ्याच पायात अडकला होता. म्हणून शोधायला बसलो: आपल्या मराठी मुलखात माझ्या आधी कुणी ह्या पेचात सापडलं होतं का?

सापडलं होतं. चारशे वर्षांपासून सापडत आलंय.

पेटी तरी कुठली?

आधी काकांचं म्हणणं घेऊ. रॅप अमेरिकेचा, हे खरंच आहे. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू ह्या इमारतीत, सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीनं एक पार्टी ठेवली. गाणी लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता. जमैकातून आलेलं कुटुंब. ह्या क्लाइव्हला आज जग डीजे कूल हर्क म्हणून ओळखतं. गाण्यातला फक्त तालाचा तुकडा आला की पोरं जास्त नाचतात, हे त्यानं हेरलं होतं. मग दोन टर्नटेबलांवर एकाच गाण्याच्या दोन तबकड्या लावून तो तेवढाच तुकडा लांबवायचा. त्या लांबलेल्या तालावर माणसं बोलायला लागली, यमकं जुळवायला लागली. हिपहॉपचा जन्म म्हणून आज तीच तारीख सांगतात.

पण काका ज्या पेटीवर उपासनेची गाणी वाजवतात, ती पेटी कुठली? हार्मोनियम पॅरिसची. अलेक्सांद्र दबें नावाच्या कारागिरानं १८४० च्या दशकात तिचं पेटंट घेतलं. पुढं कोलकात्यात तिला हातानं भाता ओढायची सोय झाली, आणि मांडी घालून बसणाऱ्या आपल्या लोकांची ती झाली. आज भजनात, कव्वालीत, तमाशात, गुरुद्वाऱ्यात पेटी आहे. तिला कुणी फ्रेंच म्हणत नाही. म्हणजे बाहेरून आलेली वस्तूही दोन पिढ्यांत घरची होते.

पण हे झालं वाद्याचं. खरा प्रश्न त्याहून मोठा आहे. देवाचं नाव कुठल्या भाषेत, कुठल्या चालीत, कुणी घ्यायचं? आणि ह्या प्रश्नाची एक जुनी खूण तर आपल्याच जिल्ह्यात उभी आहे.

मागच्या दारी उभा असलेला गायक

कयाधू नदीकाठचं नर्सी नामदेव तुम्हाला माहीत असेलच. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून वारकरी तिथं डोकं टेकवतात. परंपरेनं त्यांचा जन्म १२७० सालचा. जात शिंपी. आणि औंढा नागनाथ, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून ज्याची ख्याती आहे ते देऊळ, तेही आपल्याच जिल्ह्यात. नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर इथंच भेटले असं मानतात.

औंढ्याची कथा शाळेतच ऐकलेली असते. नामदेव देवळापुढं कीर्तन करत होते. पुजाऱ्यांनी हटकलं आणि मागं जायला सांगितलं. नामदेव मागं गेले आणि तिथं गायला लागले, तर अख्खं देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं. औंढ्याला गेलात तर नंदी शोधा. तो नेहमीसारखा पुढं नाही, मागच्या बाजूला आहे. लोक तेच दाखवतात.

मी ख्रिस्ती आहे. नामदेवांना ओढून माझ्या बाजूला बसवायचा माझा विचार नाही, तेवढा अधिकारही नाही. पण ह्या मातीत वाढल्यावर ही कथा कानावर पडतेच, आणि ती विसरता येत नाही. देऊळ फिरलं की नाही ह्या वादात मी पडत नाही. सातशे वर्षं लोकांनी त्या कथेत काय जपून ठेवलं ते बघा. गाणाऱ्याला मागं पाठवलं, तरी तो गप्प बसला नाही. आणि रागानं वेगळंही काही गायला लागला नाही. जे पुढं गात होता तेच मागं गायला.

कीर्तन म्हणजे तरी काय होतं? हातात पोथी नाही. समोर रस्त्यावरची माणसं. थोडं गाणं, थोडं बोलणं, मधेच गोष्ट, मधेच चिमटा, आणि भाषा सगळ्यांना कळेल अशी. नामदेव हे घेऊन थेट पंजाबपर्यंत गेले. तिथं घुमान गावात त्यांचं स्मारक आहे आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. त्यांच्याच काळात देवळात प्रवेश नसलेले चोखोबा अभंग रचत होते. दार बंद राहिलं, अभंग मात्र आत-बाहेर सगळीकडं पोचले.

हे वाचताना मला ब्राँक्स आठवलं. ज्यांना पुढच्या दारानं कुणी आत घेत नव्हतं, त्यांनी आवाजाची जागा स्वतःच तयार केली होती.

पोर्तुगीज गोव्यात मराठी ओवी

ठीक आहे, पण नामदेव ख्रिस्ती नव्हते. ख्रिस्ती माणसानं इथल्या चालीत पहिल्यांदा मोठं काम कधी केलं? त्यासाठी गोव्यात जावं लागतं.

थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडच्या विल्टशायरमधला जेझुइट धर्मगुरू. १५७९ च्या ऑक्टोबरात तो गोव्यात उतरला आणि जवळपास चाळीस वर्षं, मरेपर्यंत, तिथंच राहिला. बहुतेक काळ साष्टीत. तेव्हाच्या चर्चमधली मिस्सा लॅटिनमध्ये, सरकार पोर्तुगीजमध्ये. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं तर सुटली होती, आणि तसं रंगून ऐकावं असं नवं काही हातात नव्हतं. त्यातल्याच एकानं विचारलं, की आम्हाला तसं पुराण का नाही? हा प्रसंग स्टीफन्सनं ग्रंथातच घातलाय.

मग त्यानं जे लिहिलं ते 'ख्रिस्तपुराण'. १६१६ साली रायतूर इथं छापलं. सुमारे अकरा हजार ओव्या! जगाच्या निर्मितीपासून येशूच्या आयुष्यापर्यंतची अख्खी कथा, ज्ञानेश्वरांनी वापरली त्याच ओवीच्या घाटात. अक्षरं रोमन, कारण छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते. शब्द मात्र इथले. स्वर्गाला त्यानं 'वैकुंठ' म्हटलं. आणि मराठी भाषेची जी स्तुती त्यानं सुरुवातीला केलीय, ती आजही शाळेच्या पुस्तकांत भेटते.

लक्षात घ्या, तो काळ साधा नव्हता. त्याच गोव्यात इन्क्विझिशन होतं, देवळं पाडली जात होती. ते झाकून ठेवून फक्त ओव्यांचं कौतुक करणं मला जमणार नाही. ज्या हातांनी लोकांचं जुनं काढून घेतलं, त्याच बाजूचा एक माणूस लोकांची भाषा शिकून त्यात बुडून गेला. दोन्ही खरं आहे. पुढं १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयनं हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. हुकूम निघाले, पण 'ख्रिस्तपुराण' लोकांच्या तोंडी राहिलं. हस्तलिखितं उतरवली गेली, ओव्या पाठ होत राहिल्या.

म्हणजे "हे आपलं नाही" हे वाक्य नेहमी म्हाताऱ्या काकांकडूनच येतं असं नाही. कधी कधी सत्तेकडून येतं, आणि तेव्हा ते आपल्याच भाषेबद्दल असतं.

सहा, सहा, सहा, चार

आता गोव्यातून घाटावर येऊ, आणि अडीचशे वर्षं पुढं. अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून तिथं काम करत होतं आणि १८४२ पासून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक काढत होतं. उपासनेत गाणी असायची, पण बरीचशी इंग्रजी गीतांची भाषांतरं, तीही इंग्रजी चालींवर. ज्यानं कधी दुसऱ्या भाषेच्या बीटवर मराठी शब्द कोंबायचा प्रयत्न केलाय त्याला हा त्रास कळेल. इंग्रजी ओळ आघातावर चालते, मराठी ओळ अक्षरांच्या लांबी-आखूडपणावर. जोर भलत्याच अक्षरावर पडतो आणि 'तारणारा' म्हणताना माणूस अडखळल्यासारखा वाटतो.

ह्याला पहिलं उत्तर नगरकडच्याच ख्रिस्ती लोकांनी शोधलं. कृष्णराव सांगळे ह्यांनी येशूची कथा कीर्तनातून सांगायला सुरुवात केली. आणि मग आले नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मण घर, संस्कृतचा अभ्यास, कवी म्हणून नाव व्हायला लागलेलं. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन माणसाशी गप्पा झाल्या. त्यानं नवा करार हातात दिला. टिळक वाचत गेले, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढची गोष्ट कवी म्हणून महत्त्वाची. ख्रिस्ती झालेल्या टिळकांनी आपला गळा बदलला नाही. आपण तुकारामांच्या पुलावरून येशूपर्यंत आलो, अशा अर्थाचं ते सांगायचे. मग पूल ओलांडल्यावर तो मोडायचा कशाला? त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली. 'अभंगांजली' त्यांचीच. मराठी ख्रिस्ती मंडळी आजही ज्या 'उपासना संगीत' मधून गातात, त्यात टिळकांची गीतं शेकड्यानं आहेत. मला गंमत ह्याची वाटली, की काका मला "देवाचं गाणं म्हण" म्हणाले तेव्हा त्यांच्या मनात बहुधा टिळकांचंच गाणं असणार. आणि ते गाणं एके काळी नवीनच होतं.

इथं मी रॅपर म्हणून थोडा थांबलो. मोठ्या अभंगाचं माप बघा: पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला. शेवटचा चरण दोन अक्षरांनी आखूड, म्हणजे श्वासाला आणि टाळाला जागा. त्यात भजनी ठेका आठ मात्रांचा, आणि आपला नेहमीचा हिपहॉपचा बीट चारचा. आठ आणि चार एकमेकांत सहज बसतात. मी नव्वदच्या टेंपोचा बीट लावला आणि बोटांवर अक्षरं मोजत माझी पहिली ओळ जुळवली:

मोंढ्याच्या काट्याला
हळद तोलली
खोटीही बोलली
जीभ माझी

बसली! पण ही ओळ कुठून आली ते नंतर सांगतो. आधी टिळकांचा हिशोब पूर्ण करू, कारण चाल जमवणं हे त्यातलं सगळ्यात स्वस्त काम होतं.

किंमत कुणी मोजली?

टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या. बातमी कळली तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं. लहान मुलगा पदरात, नवरा धर्माबाहेर गेलेला, आणि त्या काळच्या ब्राह्मण घरात ह्याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. अनेक वर्षं दोघं वेगळे राहिले. पुढं त्या नगरला नवऱ्याजवळ आल्या, पण सोवळं-ओवळं पाळत, आपलं स्वयंपाकपाणी वेगळं ठेवत. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. जातपात देवानं केलेली नाही, माणसानं केलीय, हे त्यांचं त्यांना पटलं तेव्हा त्यांनी ते सोडलं. बाप्तिस्मा त्यांनी १९०० मध्ये घेतला, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी.

हे सगळं आपल्याला माहीत आहे कारण त्यांनी ते 'स्मृतिचित्रे' मध्ये लिहून ठेवलंय. १९३४ पासून ते भागाभागांनी आलं. शाळेत न गेलेल्या बाईनं लिहिलेलं, पण मराठीतलं पहिल्या रांगेतलं आत्मचरित्र. वाचताना हसू येतं आणि मग आपण कशाला हसलो त्याची लाज वाटते. टिळक मोठ्या मनाचे आणि तेवढेच बेभरवशाचे. घरातले पैसे कुणाला तरी देऊन मोकळे व्हायचे. कवीच्या विश्वासाचं कौतुक जग करतं. चुलीवर काय ठेवायचं हे मात्र लक्ष्मीबाईंना बघावं लागायचं.

एक गोष्ट मला तिथं पहिल्यांदा नीट कळली. एखाद्याचा ठाम विश्वास असतो, तेव्हा त्याचं बिल बऱ्याचदा घरातल्या दुसऱ्याच माणसाच्या नावानं येतं.

आणि टिळकांची परीक्षा तिथंच संपली नाही. घरच्यांपासून तुटणं झालं, आता मिशनपासून तुटायची वेळ आली. नोकरी होती, मान होता, ते 'ज्ञानोदय' चं मराठी संपादन बघत होते. पण पगार घेऊन, परदेशी माणसांच्या देखरेखीखाली येशूची भक्ती सांगायची, हे त्यांना खुपत होतं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, येशूवर प्रेम करणारे सगळे ज्यात बसतील अशी मंडळी त्यांच्या मनात होती. दोन वर्षं मिळाली. ९ मे १९१९ ला मुंबईत ते गेले. येशूचं चरित्र मराठी महाकाव्यात सांगणारं 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं. त्यांचे थोडेच अध्याय झाले होते. पुढचं सगळं लक्ष्मीबाईंनी लिहून काढलं. ज्या विश्वासानं त्यांचं घर मोडलं होतं, त्याचंच काव्य त्यांनी पुरं केलं.

अटलांटापासून अंधेरीपर्यंत

आता परत रॅपकडं येऊ, कारण तुम्ही म्हणाल टिळक शंभर वर्षांपूर्वीचे, आजचं काय?

अमेरिकेत ख्रिस्ती रॅप १९८० च्या दशकापासून आहे. स्टीफन वायलीचं 'बायबल ब्रेक' १९८५ चं. पण ज्याच्यामुळं ते सगळीकडं पोचलं तो लेक्रे. ह्यूस्टनमध्ये जन्मलेला, अटलांटामधून काम करणारा. तो आणि त्याचे साथीदार '११६' हा आकडा मिरवतात. पौलाच्या रोमकरांस पत्रातला पहिला अध्याय, सोळावं वचन. सुवार्तेची लाज वाटत नाही, असं तिथं पौल म्हणतो. २०१३ मध्ये लेक्रेच्या 'ग्रॅव्हिटी' ला गॉस्पेल अल्बमचं ग्रॅमी मिळालं. २०१४ चा 'अनॉमली' बिलबोर्डच्या मुख्य यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला.

इथपर्यंत कहाणी यशाची. पण मग पोलिसांच्या गोळ्यांनी काळी माणसं मरत होती, त्यावर लेक्रे बोलायला लागला. त्याचा मोठा श्रोतावर्ग गोऱ्या चर्चांमधला होता. अनेकांना ते रुचलं नाही. २०१७ मध्ये त्यानं उघड सांगितलं की त्या गोऱ्या धार्मिक वर्तुळापासून आपण वेगळे झालोय. येशू त्यानं सोडला नव्हता.

टिळकांचं १९१७ आणि लेक्रेचं २०१७. बरोबर शंभर वर्षं. योगायोगच, त्यात गूढ काही नाही. पण पेच तोच दिसतो. विश्वासासाठी आधी जगाशी भांडावं लागतं असं आपण समजतो. मग एक दिवस कळतं की ज्यांनी आपल्याला स्टेज दिलं, पगार दिला, त्यांच्याशीही भांडावं लागणार आहे. आणि ते जास्त अवघड.

आपल्याकडं मुंबईत डिव्हाइन, म्हणजे व्हिव्हियन फर्नांडिस. अंधेरीच्या जे. बी. नगरमधला, कॅथलिक घरातला. 'ये मेरा बॉम्बे' २०१३ चं, नेझीसोबतचं 'मेरे गली में' २०१५ चं. ते ऐकून खेड्यापाड्यातल्या किती पोरांनी वह्या उघडल्या, त्यात मीही होतो. तो काही चर्चचा गायक नाही. पण २०२० च्या अल्बमला त्यानं नाव दिलं 'पुण्य पाप'. गल्लीत वाढलेल्या पोराच्या मनातही हा हिशोब चालूच असतो, हे मला त्या नावावरूनच कळलं.

आता ती ओळ

मघाशी सांगायची राहिलेली गोष्ट. हळदीचा सीझन होता. वसमत-हिंगोलीची हळद किती मोठा व्यवहार आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. मालकानं सांगितलं होतं की पावती लिहिताना नेहमीच्या कडत्यापेक्षा थोडं जास्तच कापायचं. एक म्हातारे शेतकरी पावती उलटसुलट करत मला म्हणाले, "बरोबर हाय ना साहेब?" मी म्हटलं, "बरोबर हाय काका."

त्या रात्री मी 'सत्य' ह्या विषयावर कडवं रेकॉर्ड करत होतो. तीन टेक घेतले. तिन्ही वेळा त्याच शब्दाला आवाज बसला. माय बाजूला तांदूळ निवडत होती. दिवसभराचं मी तिला सांगून बसलो. नाताळपासून डोक्यात घोळत असलेला चालीचा प्रश्नही तिच्यापुढं मांडला, की काका म्हणतात हे आपलं नाही. ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "गाणं कोणत्याबी चालीत म्हण. देवाला चालीचं काय पडलंय? पर दिवसा जे लिव्हतूस, ते रातच्या गाण्यात बसतंय का, तेवढं बघ."

मी महिनाभर शोधत होतो ते उत्तर तिनं तांदूळ निवडता निवडता दिलं. काका चालीबद्दल बोलत होते, मित्र व्ह्यूजबद्दल, आणि मीही चालीतच अडकलो होतो. टिळकांचा अभंग अभंग म्हणून टिकला नाही. त्यामागं एक माणूस होता, जो पगार सोडू शकला. लेक्रेच्या ११६ ला वजन आलं ते श्रोते गेले तेव्हा.

मी मालकाला सांगितलं की जास्तीचा कडता मी लिहिणार नाही. त्यांनी आवाजही चढवला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरा पोरगा बसला होता. मी बाजारात त्या शेतकऱ्यांना गाठून खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "आम्हाला ठाव असतंय रे. सांगणारा तू पहिलाच." त्यांचे पैसे काही परत आले नाहीत, हेही सांगून टाकतो. दोन महिने मी घरी होतो. त्या दोन महिन्यांत माय रोजंदारीवर हळद काढायला गेली. संध्याकाळी पिवळे हात घेऊन यायची. उपदेश तिनं दिला होता, आणि बिलही तिच्याच नावानं आलं होतं. लक्ष्मीबाई मला पुस्तकात कळल्या होत्या, त्या दोन महिन्यांत घरात दिसल्या.

आता मी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आहे. पगार कमी आहे, पण 'सत्य' म्हणताना घसा बसत नाही.

ईस्टरला मी पुन्हा म्हटलं. ह्या वेळी सहा-सहा-सहा-चार, सोबत एका पोराची ढोलकी, आणि कडव्यात तो काटा, ती पावती, सगळं नावानिशी नाही पण खरं खरं. काका पहिल्या रांगेत होते. झाल्यावर जवळ आले. मी मनाची तयारी केली. ते म्हणाले, "जरा सावकाश म्हणत जा. मला ऐकू कमी येतंय, निम्मे शब्द निसटतेत."

त्यांना रॅप आवडला असं मी म्हणणार नाही. पण त्यांना शब्द हवे होते. मला तेवढं पुरलं.

तर मंडळी, ह्या आठवड्यात एक करा. तुमचा धर्म, पंथ कोणताही असो, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, की तुम्ही म्हणता ते भजन, ती कव्वाली, ते भीमगीत किंवा उपासनेचं गाणं पहिल्यांदा नव्या चालीत म्हटलं गेलं तेव्हा कोण कोण नाराज झालं होतं? जमलं तर त्याच माणसाला हेही विचारा, की त्या गाणाऱ्याच्या घरी तेव्हा चूल कोण सांभाळत होतं. उत्तर व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.

चला, येतो. काळजी घ्या, आणि मापात राहा!